घरातला अवघड निर्णय आणि हातातली पोथी

कुरुक्षेत्रावर अर्जुन गीतेच्या पहिल्या अध्यायात काय करतो, हे एकदा निवांत वाचून बघा. तो श्रीकृष्णाला काही विचारत नाही, तो युक्तिवाद करतो, आणि तोही शास्त्राच्या आधाराने. कुलक्षय झाला की कुलधर्म बुडतो, कुलधर्म बुडाला की पितरांचं पिंडोदक थांबतं, अशा माणसांना नरकवास घडतो, 'असं आम्ही ऐकत आलो आहोत' (1.44). त्याने मनात ठरवून टाकलं आहे आणि त्याला वचनांचा टेकू देतो आहे. म्हणूनच दुसऱ्या अध्यायात त्याला ऐकावं लागतं की तू शहाण्यांसारखं बोलतोस खरा, पण ज्यांचा शोक करू नये त्यांचा शोक करतोस (2.11).

घरातल्या दुखऱ्या निर्णयाच्या वेळी आपणही बहुतेकदा पहिल्या अध्यायातल्या अर्जुनासारखे पोथी उघडतो. आईवडिलांना कुणी सांभाळायचं, वाटणी करायची का, नातं तोडायचं का, व्यसनी मुलाला पुन्हा घरात घ्यायचं का, अशा वेळी मन आधीच एका बाजूला झुकलेलं असतं आणि डोळे त्या बाजूची ओळ शोधत असतात. ओळ सापडतेही, कारण कुठलाही मोठा ग्रंथ इतका विशाल असतो की त्यात हवं ते मिळतं. खाली सांगितलेली पद्धत या सवयीवर उपाय म्हणून मी हळूहळू बसवली आहे. गीता, उपनिषदं, बायबल, कुराण, धम्मपद, गाथा, तुमचा ग्रंथ कुठलाही असो, ती चालते.

आधी प्रश्न कागदावर उतरवा

एक वही घ्या आणि प्रश्न एका वाक्यात लिहा. अट एकच, त्या वाक्याचा कर्ता 'मी' हवा. 'भाऊ असा का वागतो?' याचं उत्तर कुठल्याही ग्रंथात सापडणार नाही. 'भावाने जबाबदारी घेतली नाही, तर मी किती काळ आणि कोणत्या मनाने ती घेणार?' याला ग्रंथ उत्तर देऊ शकतो. हे वाक्य जमेपर्यंत चार-पाच वेळा खोडावं लागतं. खोडलेली वाक्यंही राहू द्या, पुढे उपयोगी पडतात.

मग प्रश्नाचे भाग पाडा. कृत्रिम श्वासोच्छ्वास चालू ठेवून रुग्णाला काय फायदा होईल, हे डॉक्टरांना विचारायचं. मृत्युपत्र वैध आहे का, ताबा कुणाकडे राहील, हे वकिलाला. या गोष्टी पोथीला विचारू नका. जाणकारांकडून त्यांची उत्तरं मिळाल्यावर जे मागे उरतं ते पोथीपुढे ठेवायचं. भीती, अपराधी वाटणं, कर्तव्य कुठे संपतं हा प्रश्न, आणि क्षमा करायची म्हणजे नक्की काय करायचं हा प्रश्न.

एक गोष्ट मात्र या सगळ्याच्या आधी येते. घरात मारहाण होत असेल, मुलांना किंवा तुम्हाला धोका असेल, तर आधी सुरक्षित जागी जा, माणसांची आणि कायद्याची मदत घ्या. सहनशीलतेवरची वचनं वाचत त्या घरात बसून राहू नका. वाचन नंतरही होईल.

लगेच वाचायला बसू नका

रागात वाचलेलं वचन रागाच्याच कामी येतं. क्रोधातून संमोह, संमोहातून स्मृतिभ्रंश आणि त्यातून बुद्धिनाश ही गीतेतली साखळी (2.63) आपण परीक्षेसाठी पाठ केली असेल, पण भांडणाच्या रात्री ती शब्दशः खरी ठरते. स्मृतिभ्रंश म्हणजे काय, तर वीस वर्षांत समोरच्याने केलेलं एकही चांगलं काम त्या रात्री आठवत नाही. निदान एक झोप मध्ये जाऊ द्या. निर्णय खरोखर तातडीचा नसेल तर आठवडा जाऊ द्या.

या काळात वाचायचंच असेल तर शिकवण देणारं वाचू नका, रडणारं वाचा. बायबलमधल्या 150 स्तोत्रांपैकी कितीतरी विलापाची आहेत. तेरावं तर 'हे परमेश्वरा, किती काळ?' असंच सुरू होतं. बायबलमधल्याच ईयोबाच्या पुस्तकात, सर्वस्व गमावलेल्या ईयोबाजवळ त्याचे मित्र जमिनीवर सात दिवस आणि सात रात्री गप्प बसून राहतात. त्यांनी केलेलं ते सर्वांत चांगलं काम. पुढे ते बोलायला आणि कारणमीमांसा करायला लागतात, तिथे चुकतात.

ज्ञानेश्वरांनी अर्जुनाच्या या अवस्थेला जी उपमा दिली आहे ती मला कुठल्याही उपदेशापेक्षा जवळची वाटते. प्रत्यक्ष शंकराला रणात जिंकणारा अर्जुन मोहात कसा सापडला, हे सांगताना ते भुंग्याचा दाखला देतात:

जैसा भ्रमर भेदी कोडें। भलतैसें काष्ठ कोरडें।
परि कळिकेमाजी सांपडे। कोंवळिये॥

कोरडं लाकूड लीलया पोखरणारा भुंगा कोवळ्या कळीत अडकतो, प्राण गेला तरी ती पाकळी चिरत नाही. 'कठिण कोवळेपणें। स्नेह देखा॥' स्नेह आपल्या कोवळेपणानेच कठीण असतो. बाहेर मोठमोठे निर्णय घेणारा माणूस घरात का अडखळतो, याचं इतकं अचूक निदान मी दुसरीकडे वाचलेलं नाही. अडखळणं हा तुमचा दुबळेपणा नाही, एवढं या टप्प्यावर मनाशी धरलं तरी पुरे.

काय वाचायचं ते निवडा

डोळे मिटून पोथी उघडायची आणि बोट पडेल ती ओळ म्हणजे कौल, असं कृपा करून करू नका. मोबाइलवर एक शब्द शोधून आलेल्या दहा ओळींवरही विसंबू नका. आपल्या प्रश्नाशी नातं सांगणारी एखादी पूर्ण कथा किंवा पूर्ण प्रकरण घ्या. एक, फार तर दोन. सुरुवात आपल्या परंपरेपासून करा, कारण त्या भाषेला तुमचं मन सरावलेलं असतं. नंतर दुसऱ्या परंपरेतलं एक जरूर वाचा. तिथे पाठांतराची सवय आड येत नाही, शब्द नव्याने लागतात.

वाटणीचा प्रश्न असेल तर बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकाचा तेरावा अध्याय आहे. गुराख्यांची भांडणं होऊ लागल्यावर अब्राम पुतण्याला, लोटाला म्हणतो की आपण वेगळे होऊ. तू डावीकडे गेलास तर मी उजवीकडे जाईन. मोठा असून निवडीचा पहिला हक्क तो धाकट्याला देतो. वेगळं होणं म्हणजे तुटणं नव्हे, हे त्या कथेत पुढे दिसतं. लोट संकटात सापडल्यावर त्याला सोडवायला धावतो तो अब्रामच.

आईवडिलांचा शब्द आणि आपला विवेक यांत ओढाताण असेल तर कुराणातल्या एकतिसाव्या सूरहमधल्या 14 आणि 15 या आयती वाचा. आईने सोसलेल्या कष्टांची आठवण, आईवडिलांशी कृतज्ञ राहण्याची आज्ञा, आणि लगेच पुढे असं की ईश्वराबरोबर दुसऱ्याला पुजण्यासाठी त्यांनी जोर केला तर ते ऐकू नका, पण या जगात त्यांच्याशी चांगुलपणानेच वागा. न ऐकणं आणि चांगलं वागणं एकाच वाक्यात शेजारी बसलेलं आहे. आपल्याला सहसा दोहोंपैकी एकच सुचतं.

वडिलांच्या रागातून दुरावा आला असेल त्यांच्यासाठी कठोपनिषद. वडील संतापून 'तुला मृत्यूला देतो' म्हणतात, नचिकेता खरोखर यमाच्या दारी जातो, आणि यमाकडे पहिला वर मागतो तो वडिलांचा राग शांत व्हावा म्हणून. आत्मज्ञानाचा प्रश्न त्यानंतर येतो. याच उपनिषदातला श्रेय (हिताचं) आणि प्रेय (आवडणारं) हा भेदही निर्णयाच्या वेळी उपयोगी आहे, पण मला तो पहिला वर जास्त महत्त्वाचा वाटतो.

कोण कुणाला बोललं, ते बघा

या पायरीला सर्वांत जास्त वेळ द्या, कारण घराघरांत सगळ्यात मोठी चूक इथे होते.

'त्यजेत् कुलार्थे पुरुषम्', कुळासाठी एका माणसाला सोडावं. हे वचन मनाविरुद्ध लग्न केलेल्या मुलीला, घटस्फोट घेऊन परतलेल्या बहिणीला, घरातल्या वेगळ्या वाटेच्या माणसाला दूर करताना वापरलं जातं. आता महाभारतात ते कुठे येतं ते बघा. विदुर ते धृतराष्ट्राला सांगतो, दुर्योधनाबद्दल. म्हणजे ज्याच्या हाती सत्ता आहे अशा बापाला, लाडक्या आणि बलवान मुलाचा अन्याय पोसू नको म्हणून दिलेला तो सल्ला आहे. दुबळ्याला घराबाहेर काढण्यासाठी तो दिलेला नाही. शिवाय श्लोक तिथे संपत नाही. गावासाठी कुळ सोडावं, देशासाठी गाव सोडावं, आणि शेवटचा चरण 'आत्मार्थे पृथिवीं त्यजेत्'. आत्म्यासाठी सगळी पृथ्वी सोडावी. पहिला चरण सांगणाऱ्याने हा चौथा चरण सांगितलेला मी क्वचितच ऐकला आहे.

'मातृदेवो भव, पितृदेवो भव' हेही तसंच. तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत गुरू शिष्याला घरी पाठवताना हे सांगतो. त्याच अनुवाकात, म्हणजे प्रकरणात, अगदी लगेच पुढे तो म्हणतो, जी कर्मं निर्दोष आहेत तीच आचरावीत, इतर नाहीत. आमची जी चांगली आचरणं असतील त्यांचंच तू अनुसरण कर, 'नो इतराणि', इतरांचं नको. मोठ्यांना देव मानायचं, पण त्यांच्या चुका पुढे चालवायच्या नाहीत. आणि हे मोठा माणूस स्वतःच्या तोंडाने सांगतो आहे!

बायबलमधल्या इफिसकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात पहिलं वचन मुलांना आईबापांच्या आज्ञेत राहायला सांगतं, ते सगळ्यांना पाठ असतं. चौथं वचन बापांना सांगतं की मुलांना चिडीला आणू नका. दीघ निकाय या बौद्ध ग्रंथातल्या सिगालोवाद सुत्तात तर सगळीच कर्तव्यं जोडीने येतात. मुलांनी आईबापांसाठी करायच्या पाच गोष्टी आणि त्याच दमात आईबापांनी मुलांसाठी करायच्या पाच. पतिपत्नींचंही असंच, दोन्ही बाजूंनी.

म्हणून वहीत प्रत्येक वचनाखाली तीन ओळी लिहा. हे कोण बोललं, कुणाला, आणि याच्या आधी-नंतर काय आहे. एवढ्यानेच अर्धी वचनं आपोआप गळून पडतात.

वचन स्वतःकडे वळवा

इथे मला माझी गोष्ट सांगायला हवी. आईचं दुखणं लांबलं, तिला स्मृतिभ्रंशाचा आजार (डिमेन्शिया) झाला, रात्री ती उठून दाराशी जायची. मी नोकरी सांभाळून दोन वर्षं तिचं सगळं केलं. धाकटा भाऊ लांब होता, पैसे पाठवायचा, आठवड्याला एक फोन करायचा. आईला शुश्रूषा केंद्रात ठेवावं का, हा प्रश्न माझ्यापुढे होता. मी गीता उघडली आणि अठराव्या अध्यायातल्या एका श्लोकाखाली पेन्सिलीने रेघ मारली: दुःखदायक आहे म्हणून, शरीराला त्रास होईल या भीतीने जो कर्म सोडतो त्याचा त्याग राजस, म्हणजे स्वार्थाने डागाळलेला, त्याला त्यागाचं फळ मिळत नाही (18.8). समासात मी भावाचं नाव लिहिलं होतं.

काही दिवसांनी एका ख्रिस्ती मैत्रिणीने मला लूकच्या शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय वाचायला दिला. उधळ्या मुलाची, आपला वाटा उडवून घरी परतणाऱ्या धाकट्याची गोष्ट मला माहीत होती. थोरल्याकडे मात्र माझं कधी लक्ष गेलं नव्हतं. धाकटा परत आल्यावर घरात आनंद चालला आहे आणि थोरला बाहेर उभा आहे, आत यायला तयार नाही. तो वडिलांना म्हणतो की इतकी वर्षं मी तुमची चाकरी करतोय, आणि मला मात्र मित्रांबरोबर आनंद करायला एक करडूही कधी दिलं नाहीत. तो राबत होता आणि मनात हिशोब मांडत होता. मी ते वाचून वही बंद केली आणि बराच वेळ तशीच बसून राहिले.

मग गीतेत पुन्हा गेले, या वेळी सतराव्या अध्यायात. परतफेडीच्या अपेक्षेने, किंवा मनाला क्लेश देत जे दिलं जातं ते दान राजस (17.21). माझी सेवा ही अशी झाली होती. समासातलं भावाचं नाव खोडून मी तिथे माझं लिहिलं आणि प्रश्नच बदलला. 'आईला केंद्रात ठेवू का?' याच्या आधी एक प्रश्न उभा होता: 'मी थकले आहे, हे हिशोब न काढता भावाला कसं सांगू?' तो मी टाळत होते.

तेव्हापासून माझा नियम असा आहे की जे वचन वाचताना दुसऱ्याचा चेहरा डोळ्यांसमोर येतो, ते बाजूला ठेवायचं. जे वाचताना आपण अवघडतो, पान उलटावंसं वाटतं, तिथे थांबायचं.

टोचणारी वचनं आली तर

प्रत्येक जुन्या ग्रंथात अशी वचनं आहेत जी आज वाचताना दुखतात, विशेषतः स्त्रियांबद्दलची. ती लपवू नका आणि त्यांच्यापुढे मानही तुकवू नका. परंपरेने स्वतःच त्यांच्यासाठी कसोट्या ठेवल्या आहेत. मनुस्मृतीतच (2.12) धर्माची चार लक्षणं सांगितली आहेत, वेद, स्मृती, सदाचार, आणि चौथं आपल्या स्वतःच्या आत्म्याला जे पटतं ते. कालाम सुत्तात बुद्ध सांगतात की केवळ परंपरेने आलं म्हणून किंवा ग्रंथात आहे म्हणून मानू नका. अहितकारक आहे असं स्वतःला कळलं तर सोडा. येशूने तर ईश्वरार्पण केल्याचं निमित्त सांगून आईबापांची मदत टाळणाऱ्यांना खडसावलं आहे (मार्क 7). धर्माच्या नावावर माणुसकीतून सुटका नाही, असंच ते आहे.

आणि आपल्याकडे तुकोबा आहेतच. 'सत्य असत्याशी मन केले ग्वाही। मानियेले नाही बहुमता॥' चारचौघे काय म्हणतील याचा निकाल या एका ओळीत लागतो. त्यांची दुसरी ओळ मी शेवटची कसोटी म्हणून वापरते: 'पुण्य पर उपकार पाप ते परपीडा।' काढलेल्या अर्थाने घरातल्या सर्वांत दुबळ्या माणसाची पीडा वाढत असेल, तर अर्थ चुकीचा काढला आहे असं समजून मागे या.

एका माणसाला विचारा, पण कुणाला?

शिक्षावल्लीच्या त्याच अनुवाकात याचंही उत्तर आहे. कर्माबद्दल किंवा वागण्याबद्दल शंका आली, तर तिथे जे विचारी, स्वतः त्यात मुरलेले, 'अलूक्ष' आणि धर्माची चाड असलेले लोक असतील, ते जसे वागतील तसं वाग. अलूक्ष म्हणजे जे रूक्ष नाहीत, कठोर नाहीत. ग्रंथ पाठ असणं पुरेसं नाही, माणूस मऊ हवा, हे उपनिषदकाराने मुद्दाम सांगितलं आहे. तुमच्या निर्णयात ज्याचा फायदा-तोटा आहे त्याला विचारू नका. ऐकण्याआधीच वचन तोंडावर फेकतो त्यालाही नाही. मतभेद पतिपत्नीत असेल तर कुराण (4.35) दोन मध्यस्थ सुचवतं, एक त्याच्या घरचा आणि एक तिच्या घरचा. एकाच बाजूच्या नातेवाइकांची बैठक बसवून निकाल लावण्यापेक्षा ही कितीतरी न्याय्य रीत आहे.

ठरवा, लिहा, सांगा

अठराव्या अध्यायाच्या अखेरीकडे श्रीकृष्ण अर्जुनाला म्हणतो, 'विमृश्यैतदशेषेण यथेच्छसि तथा कुरु' (18.63). याचा पूर्ण विचार कर आणि मग तुला वाटेल तसं कर. साक्षात भगवंत जिथे निर्णय अर्जुनाच्या हाती ठेवतो, तिथे आपल्या वतीने पोथीने निर्णय घ्यावा ही अपेक्षा गैर आहे. 'ग्रंथात असं आहे म्हणून मी असं केलं' हे वाक्य घरच्यांना कधीच सांगू नका. 'मी असं ठरवलं आहे' म्हणा.

ठरलं की तारीख घालून लिहा आणि एका विश्वासू माणसाला सांगा. याचं कारण धृतराष्ट्र. युद्धाच्या आधी, झोप उडालेल्या एका रात्री तो विदुराला बोलावतो, आठ अध्यायांची विदुरनीती ऐकतो, सगळी पटल्याचंही सांगतो, आणि शेवटी कबूल करतो की पांडवांबद्दल माझी बुद्धी अशीच होते, पण दुर्योधन समोर आला की पुन्हा फिरते. त्याला कळत नव्हतं असं नाही. ठरवलेलं चेहऱ्यासमोर टिकत नव्हतं. आपलाही एखादा दुर्योधन असतो, कधी माणूस, कधी अपराधीपणा.

सांगताना वाणीच्या तपाचा श्लोक (17.15) जवळ ठेवा: उद्वेग न आणणारं, सत्य, प्रिय आणि हिताचं. चारही एका वाक्यात बसवणं कठीण असतं, म्हणूनच त्याला तप म्हटलं आहे. मी भावाला फोनवर सांगायची वाक्यं आधी लिहून काढली. 'मी खूप थकले आहे. आईचं पुढचं आपण दोघांनी मिळून ठरवू या, तू ये.' यात 'तू कधीच' आणि 'मी मात्र' हे शब्द नव्हते. ते आधीच्या मसुद्यांत होते, सहा ठिकाणी. तो काही वेळ काहीच बोलला नाही. मग आला, तीन आठवडे राहिला, आईसोबत रात्री जागला. केंद्रात ठेवण्याचा निर्णय नंतर आम्ही दोघांनी मिळून घेतला.

आणि त्यानंतर

विचारपूर्वक घेतलेला निर्णयही दुखतो, आणि दुखलं म्हणजे चुकला असं नाही. दुखलं म्हणजे बरोबर होता असंही नाही, एवढं लक्षात असू द्या. तीन महिन्यांनी वही उघडा. परिस्थिती बदलली असेल, नवं काही कळलं असेल, तर निर्णय बदलायला संकोच करू नका.

महाभारत युद्ध जिंकल्यावर संपत नाही. युधिष्ठिराला राज्य नको असतं, तो वनात जायची भाषा करतो, आपल्यामुळे सगळे गेले म्हणून खचतो. भाऊ समजावतात, द्रौपदी समजावते, व्यास समजावतात, आणि मग शरपंजरी पडलेल्या भीष्मांपाशी बसून तो प्रश्न विचारत राहतो. शांतिपर्व हे त्या ग्रंथातलं सर्वांत मोठं पर्व आहे. झालेल्या गोष्टीनंतर माणसाला सावरायला इतकी पानं लागतात.

केंद्रात आई दर रविवारी विचारायची, 'घरी कधी जायचं?' पहिल्या रविवारी मी कारणं सांगत बसले. नंतर तिचा हात हातात घेऊन नुसतं 'हो, जाऊ हं' म्हणायला लागले. भाऊ महिन्यातून एकदा यायचा, तेव्हा ती त्याला वडिलांच्या नावाने हाक मारायची, आणि तो ओ द्यायचा.